मुन्सफीकडे जाणारा निळा पट्टा

तमाम आम व खास वाचकांना या लेखाद्वारे जाहीर करण्यात येते की, सदर लेख लिहिणारा इसम, वय पन्नाशीच्या आसपास, धंदा पाट्या रंगवणे, राहणार जालना, याने आपल्या मुलखातील कित्येक निरपराध माणसांना भर दिवसा, सरकारी इमारतीत, स्वतःच्या हाताने रस्ता चुकवला आहे. सदर इसमास गुन्हा कबूल आहे. त्यास पश्चात्ताप झाला की नाही, हे ज्याने त्याने वाचून ठरवावे. कोणाची हरकत असल्यास ती दिवाळीचा फराळ आटोपल्यावर कळवावी.

असला मजकूर मी जन्मभर दुसऱ्यांसाठी रंगवला. एकदा स्वतःसाठी रंगवावा अशी फार दिवसांची हौस होती, ती भागली. आता साध्या भाषेत सांगतो.

आमचं घर परतूरकडचं, शेतकऱ्याचं. मी पाट्या रंगवायला शिकण्यासाठी हैदराबादला जातो म्हणालो, तेव्हा वडील बैल सोडत होते. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतोस तेवढं बास न्हाई का? त्याला हैदराबाद कशाला पायजे?" तरी मी गेलो. तिथे माझ्या उस्तादांनी पहिले कित्येक महिने मला फक्त उभी रेघ काढायला लावली. ती सरळ आली तेव्हा म्हणाले, आता हिला उभं राहायचं कारण दे. हे वाक्य मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. उस्तादांचं आणखी एक वाक्य होतं. ते कळायला मला जास्त महागात पडलं. ते योग्य जागी येईलच.

पाट्या रंगवणारा म्हटलं की लोकांना वाटतं, अक्षर वळणदार असलं म्हणजे झालं. अक्षर हा आमच्या धंद्यातला सोपा भाग. पत्र्यावर सफेदा द्यायचा, खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायची, रेघ उमटते. त्या रेघेवर खारीच्या केसांच्या ब्रशने अक्षर चालवायचं. सहा महिन्यांत कोणालाही येईल. अवघड गोष्ट वेगळीच आहे. पाटीसमोर कोण येऊन उभा राहणार, कुठल्या बाजूने येणार, त्याच्या डोक्यावर बोजा आहे की कडेवर पोर, तो घाबरलेला आहे की नाही, हे आधी ओळखावं लागतं. कचेरीत, दवाखान्यात आलेला माणूस निम्मा वेळ डोळ्यांनी बघतच नसतो.

आणि आमच्या काळी तर वाचणारी माणसं गावात बोटांवर मोजावीत इतकी. निजामी अंमल होता. पाटीवर वर उर्दू, खाली जागा उरली तर मराठी, आणि त्या दोन्हींच्या समोर हातात काठी घेऊन उभा असलेला माणूस, ज्याला दोन्हींतलं काही येत नाही. तो पाटीकडे बघून मान डोलवायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "काय म्हंते हो ही?" शेजारचाही मान डोलवत असायचा.

म्हणून मी अक्षराला जोड म्हणून तीर काढायला लागलो. तीर म्हणजे बाण. आता तुम्ही म्हणाल, बाणाचं टोक जिकडे तिकडे जायचं, यात समजावण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटत होतं. एका सरायीत मी मोठा काळा तीर काढून दिला: विहीर तिकडे. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा रिकामी घागर घेऊन सरायीच्या उलट्या टोकाला, उकिरड्याजवळ उभा. मी म्हटलं, "बाबा, बाण तिकडे दाखवतोय ना!"

म्हातारा म्हणाला, "बाण तिकडं गेला, बराबर. पन ज्यानं मारला तो तर हिकडंच उभा असंल की! मी त्याला शोधून राह्यलो. त्यालाच इचारावं म्हनलं, पानी कुडं हाय."

मी त्याची घागर घेतली आणि विहिरीवर नेऊन भरून दिली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जालन्याच्या आसपासच्याच एका तालुक्याच्या गावी नवी कचेरी बांधली होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मी मुलगी दिली आहे. जुनी कचेरी म्हणजे एक मोठी खोली आणि समोर चिंच. चिंचेखाली सगळे पक्षकार बसायचे आणि दारातून दादामियाँ चपराशी पुकारा करायचा. त्याचा आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली गाढवंही कान उभे करायची. नाव ऐकलं की उठायचं, आत जायचं. कोणाला पाटी लागत नव्हती आणि बाणही लागत नव्हता.

नवी इमारत झोकदार होती. लांबलचक व्हरांडा, ओळीने सागवानी दारं, मधे चौक, आणि चौकाला वळसा घालून मागे पुन्हा खोल्या. पुढे डावीकडे तहसील, उजवीकडे रजिस्ट्री आणि मुन्सफसाहेबांचं न्यायालय पार मागच्या अंगाला. दादामियाँ आता मागच्या दारात उभा राहून ओरडायचा आणि त्याचा आवाज चौकातच विरून जायचा. पक्षकार पुढच्या व्हरांड्यात शेंगा खात बसलेले असायचे. तीन पुकारे झाले आणि माणूस आला नाही, की त्याचा दावा खारीज. कायद्यात त्याला 'अदम पैरवी' असं भारदस्त नाव होतं. लोकांना नाव माहीत नव्हतं. घरी गेल्यावर आपण हरलो, एवढंच कळायचं.

इमारतीची देखरेख नाझरसाहेबांकडे. आपल्याच बाजूचे, मराठी बोलणारे, पानाचे शौकीन. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "पेंटर, लोक रोज माझ्या टेबलाशी येऊन मुन्सफी कुठंय विचारतात. मला काम करू दे. असं काहीतरी काढ की अडाणी माणूससुद्धा नाकासमोर चालत जाईल."

तिराचा अनुभव ताजा होता. मी ठरवलं, आता हात काढायचा. हाताने रस्ता दाखवणं तान्ह्या पोरालाही कळतं. फाटकातून शिरल्यावर समोर जो चुनेगच्ची खांब दिसतो, त्यावर मी माणसाच्या हाताएवढा हात काढला. लांबून दिसावा म्हणून शेंदरी रंग. खांब अरुंद, त्यामुळे आडवा हात मावेना. मग कोपरातून वाकवून हात उभा घेतला आणि एक बोट तेवढं मागच्या चौकाकडे वळवलं. सरकारी हात रुबाबदार दिसावा म्हणून मनगटावर सोनेरी पट्ट्यापट्ट्यांची बाही काढली. लांब जाऊन पाहिलं. इतका जिवंत हात मी आयुष्यात पुन्हा काढला नाही.

आठ दिवसांनी नाझरसाहेबांचा निरोप आला: असशील तसा निघून ये.

जाऊन बघतो तर माझ्या हातावर हळद, हाताखाली कुंकू, खांबाच्या पायथ्याशी फुटलेल्या नारळाची भकलं, आणि समोर पाच-सात बाया पदर घेऊन शांत बसलेल्या.

आपल्याकडे गावोगाव वेशीजवळ सतीचे दगड असतात. त्यांवर कोपरात वाकवलेला, बांगड्यांनी भरलेला एक उभा हात कोरलेला असतो. मी जन्मापासून ते दगड बघत आलो आहे. आमच्याच शिवेवर एक आहे, त्याला माझी आई दिवाळीत दिवा लावायची. आणि हा मी, तसाच हात, तसाच वाकवून, सोनेरी बांगड्यांसकट कचेरीच्या खांबावर काढून मोकळा झालो होतो, आणि काढताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एवढ्यावर भागलं नव्हतं. मुसलमान पक्षकारांना तो मोहरममधल्या सवारीचा पंजा वाटला होता, त्यामुळे खांबाच्या दुसऱ्या अंगाला ऊद जळत होता. भांडण कोणाचंच नव्हतं. सगळे आपापल्या बाजूने हात जोडत होते आणि कृपा झाली म्हणून तिथेच बसत होते. बोट कुठे दाखवतंय, हे एकानेही पाहिलं नव्हतं. देवाच्या बोटाकडे कोण बघतो?

"मी कचेरीचा नाझर आहे का देवळाचा पुजारी?" नाझरसाहेबांच्या तोंडातलं पान थरथरत होतं. "मुन्सफसाहेब मला विचारतात, आरती किती वाजता असते! पूस ते आत्ताच्या आत्ता."

पुसणार कोण? गवंडी म्हणाला, माझं लेकरू आजारी आहे, मी हात लावणार नाही. दादामियाँ म्हणाला, "नक्को साब, मेरे बाल-बच्चे हैं." शेवटी मीच एक नारळ आणला, फोडला, मनातल्या मनात माफी मागितली आणि खरवडायला लागलो. बसलेल्यांतला एक म्हातारा उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पेंटर, काढली तूच अन् पुसतो बी तूच. आईचा कोप झाला तर आमचं नाव सांगू नको, बरं का."

"पुसा, पुसा. बराबर पुसा," मागून एक खणखणीत आवाज आला. "लई भरवसा ठेवल्ता मी तिच्यावर."

वळून पाहिलं. साठीची बाई, कपाळावर हिरवं गोंदण, खांद्यावर घोंगडी. ही ठकूबाई. धनगराची, मेंढरं राखणारी, आणि नवऱ्यामागे ओढ्याकाठचं रान एकटीने कसणारी.

"काय झालं मावशी?"

"काय व्हायचं? तारखेला आल्ते. हितं दारं धा अन् मानसं ही एवढी. सतीआई दिसली. हात जोडले अन् तिच्यापशीच बसल्ते. म्हनलं, ही हाय तर मला कोन काय करतंय! दिवस कलला तरी हाक न्हाई. मंग कळलं, पुकारा तिकडं मागं झाला अन् मव्हा दावा खारीज."

दावा तिच्या दिराविरुद्ध होता. भाऊ गेला, भावजयीला मूल नाही, तेव्हा रान माझं, असं म्हणून त्याने त्यात नांगर घातला होता. ठकूबाईने फिर्याद केली आणि माझ्या हाताने तिला खांबाशी बसवून ठेवलं.

मी म्हटलं, "मावशी, हा हात बस म्हणत नव्हता. तिकडे जा म्हणत होता."

"मंग तोंडानं सांगायचं न्हाई का!"

दादामियाँला राहवलं नाही. "मैं तीन बार पुकारा, माँ! गला फाडके पुकारा!"

"तुव्हा गळा फाटला असंल बाबा. मह्या कानापातुर काय आला न्हाई."

वकिलाने तिच्यासाठी पुन्हा दरख्वास्त दिली होती. मुन्सफसाहेबांनी चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख देऊन स्पष्ट बजावलं होतं: या वेळी बाई पुकाऱ्याला हजर नसली, तर दावा कायमचा संपला. म्हणजे रान दिराचं झालं. हे तिने मला सांगितलं ते रागावून नव्हे. मेंढी विकली असं सांगावं तसं. मी मात्र हातातली खरवडणी खाली ठेवली. जे मी 'काम' म्हणून मिरवत होतो, त्याने एका बाईचं रान जवळजवळ घालवलं होतं.

मी पायरीवर तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "मावशी, तुमच्या मेंढ्या दुसऱ्याच्या कळपात मिसळल्या तर ओळखता कशा?"

"रंग लावतो की! आमचा गेरू मानंवर, दुसऱ्याचं काजळ पाठीवर. आंधळ्याला बी कळंल."

"आंधळ्याला कसं कळेल?"

"आंधळा मेंढरं राखतो व्हय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न मी गिळला.

पण काम झालं होतं. मेंढीला लावतात तसा रंग पक्षकाराला लावता येणार नव्हता. मात्र त्याच्या हातात तारखेची चिठ्ठी असते, तिला लावता येत होता. मी नाझरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, फाटकापासून तीन रंगांचे तीन पट्टे भिंतीवरून, छातीच्या उंचीवर, ज्या त्या खोलीच्या दारापर्यंत नेतो. तहसीलला गेरू, रजिस्ट्रीला पिवडी, मुन्सफीला निळा. चिठ्ठी देताना कारकुनाने तिच्यावर त्याच रंगाचा ठिपका द्यायचा. माणसाने ठिपका बघायचा आणि पट्ट्यावर हात ठेवून चालत सुटायचं. वाचायचं नाही, विचारायचं नाही, पाया पडायचं नाही.

नाझरसाहेबांनी पान एका गालात सारलं. मग म्हणाले, "पट्ट्याची कोणी पूजा करणार नाही ना?"

हात खरवडून खांब विद्रूप झाला होता, तेव्हा त्यांनी सगळ्या व्हरांड्याला चुन्याचा ताजा हात देऊन घेतला. दुसऱ्या दिवशी मी पट्टे मारायला उभा राहिलो. गेरू आणि पिवडी बाजारात मिळाली. निळ्यासाठी कपड्यांना देतात ती साधी नीळ पुरली असती. पण माझ्या डोक्यात शिरलं होतं की मुन्सफीचा पट्टा सगळ्यांत उठून दिसला पाहिजे. ठकूबाईचं देणं होतं ते. माझ्याजवळ हैदराबादहून आणलेला विलायती निळा होता, मोराच्या मानेसारखा गर्द. तो मी जपून ठेवलेला. तो सरसात कालवला आणि वापरून टाकला. भिंतीवर पट्टा, मधे दार आलं की त्याच्या सागवानी चौकटीवरही तेवढाच पट्टा, की पुन्हा भिंत. असं चौकाला वळसा घालून थेट मुन्सफसाहेबांच्या दारापर्यंत.

झालं काय, की ते चाललं. पहिल्याच आठवड्यात लोक भिंतीला हात लावून मुंग्यांसारखे ओळीने जायला लागले. नाझरसाहेबांच्या टेबलाशी शांतता झाली. फक्त दादामियाँ खट्टू होता. "अजी पेंटर साब, अब दीवारच पुकार रई है तो मैं काय कू हूँ? एक पट्टा मेरे घर तक मार दो, शाम कू मैं भी हात फिराते चला जाऊँगा."

ठकूबाईला मी स्वतः चिठ्ठीवर ठिपका देऊन पट्टा दाखवला. तिने दोन बोटांनी रंग चाचपला, बोटं हुंगली. मी म्हटलं, "तारखेला मी फाटकात उभा राहीन."

"कशापायी? पट्टा हाय ना?"

हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गौरव होता आणि तो सहा महिनेसुद्धा टिकला नाही.

आता उस्तादांचं दुसरं वाक्य. त्यांनी मला बजावलं होतं, "चुने पर विलायती नीला कभी मत डालना." मी मान डोलावली होती, पाटीसमोरचे लोक डोलावतात तशी. तो निळा रंग लाकडावर, पत्र्यावर, कागदावर वर्षानुवर्षं राहतो. पण चुन्याशी त्याचं वैर आहे. ताजा चुना त्याला हळूहळू खातो आणि त्यातलं लोखंड तेवढं उरतं. म्हणजे गंज. निळ्याचा तांबूस होतो. कपड्याच्या साध्या निळीला चुना काही करत नाही. ज्या गोष्टीचा मी कमीपणा मानला, ती टिकली असती.

मी त्यानंतर अंबडला, मग परतूरला दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मी परतूरहून निघालो. वाटेत मोटार बंद पडली, आणि मी पोचलो तेव्हा कचेरी भरून चांगला तास झाला होता.

फाटकातून शिरलो आणि समोर पाहिलं. भिंतीवर एक पिवळा पट्टा होता आणि दोन तांबडे. निळा कुठेच नव्हता.

कसं झालं ते एका क्षणात कळलं; उस्ताद शेजारी उभे असल्यासारखे वाटले. पण विचार करायला वेळ नव्हता. ठकूबाई कुठे बसली असेल, पुकारा झाला असेल का, एवढंच डोक्यात. मी दोन तांबड्यांतला एक धरला आणि भिंतीला हात लावून पळत सुटलो. दारं मागे टाकत, लोकांच्या बोचक्यांवरून उड्या मारत, थेट शेवटच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "ठकूबाई!"

आत तहसीलचे कारकून सारावसुलीचे कागद लिहीत बसले होते. सगळ्यांनी माना वर केल्या. ती इमारत मी खांब न् खांब रंगवलेली, तो पट्टा माझा, आणि मी चुकीच्या दारात उभा होतो.

तिथेच बाहेर घनसावंगीकडचा एक शेतकरी उकिडवा बसला होता. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर निळा ठिपका. मला म्हणाला, "पावनं, सकाळधरनं बसून राह्यलो. निळा रंग काय घावंना. हा तांबडा जुना निळाच असंल म्हनलं." त्याचं म्हणणं दोनांपैकी एका पट्ट्याबद्दल अगदी खरं होतं. त्याला उठवून मी बरोबर घेतलं; पण त्याचं नाव सकाळीच तीनदा पुकारून झालं होतं. त्याचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगतो: दावा पुन्हा उभा राहायला त्याला बऱ्याच खेपा पडल्या आणि दर खेपेला मी साक्षीला गेलो की चूक माणसाची नाही, रंगाची आहे. मुन्सफसाहेबांनी माझी साक्ष मानली. पण तो माणूस मला कधी वाईट शब्द बोलला नाही, याचं ओझं अजून आहे. असे आणखी किती जण काही न बोलता घरी गेले असतील, ते मला माहीत नाही.

आम्ही दोघे चौकातून मागे धावलो. आणि धावताना मला ते दिसलं. भिंतीवरचा पट्टा गंजला होता. पण जिथे जिथे तो दारांच्या सागवानी चौकटींवरून गेला होता, तिथे चार-चार बोटं निळा, जसाच्या तसा, मोराच्या मानेसारखा. लाकडाला चुना नसतो.

ठकूबाई आत कशी पोचली, ते तिने मला नंतर सांगितलं; पण ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं नीट ऐकू यायचं नाही. ती सकाळी फाटकात आली, चिठ्ठी पाहिली, भिंत पाहिली. निळा नाही. आधी ती खांबाशी बसणार होती, तीच जुनी जागा. मग तिला उजवीकडच्या पहिल्या चौकटीवर निळा तुकडा दिसला. "मेंढरू हरवलं की काय करतो आमी?" ती मला म्हणाली. "वाटंवर न्हाई बघत. बाभळीला बघतो. एका काट्याला लोकर दिसली की पुढल्या झाडाला बघायचं. तशी तुमची लोकर बघत गेल्ते, दारादाराला." मुन्सफीच्या दारात ती सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली होती.

हेही आत्ताच सांगून टाकतो की तिचा दावा त्या दिवशी पुन्हा उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी निकाल तिच्या बाजूने लागला. ओढ्याकाठच्या रानात मी तिच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली आहे. व्हरांड्यातला निळा पट्टा मी पुन्हा मारून दिला, कपड्यांच्या निळीने, आणि त्यानंतर तो इमारतीइतकाच टिकला. आता अंमल बदलला, पाट्यांवरची लिपी बदलली. मी नवीन पोरांना शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी चुना आणि विलायती निळा एका पत्रावळीवर कालवून खिडकीत ठेवतो, आणि महिनाभर काही बोलत नाही.

तर त्या दिवशी मी मुन्सफीच्या दारात पोचलो तेव्हा तिचीच पेशी, म्हणजे सुनावणी, चालू होती. मुन्सफसाहेब कागदावरून मान वर करत होते. एका बाजूला दीर आणि त्याचा वकील, चेहरे उतरलेले. दादामियाँ दाराशी छाती काढून उभा. त्याने एकदाच पुकारलं होतं आणि एकाच पुकाऱ्याला बाई हजर होती. मधोमध ठकूबाई, खांद्यावर घोंगडी, हातात ठिपक्याची चिठ्ठी. आणि मी आत शिरलो तो टोपी एका हातात, धोतराचा सोगा दुसऱ्या, घामाने निथळत, भिंतीला हात फिरवून तळवा तांबडाभडक. सगळी कचेरी माझ्याकडे वळली. ठकूबाईने मला पाहिलं, तिचा चेहरा खुलला, आणि समोर मुन्सफसाहेब बसलेत हे साफ विसरून ती मोठ्यांदा म्हणाली,

"या, पेंटर, या! म्या म्हनलं, तुमाला बी रस्ता घावला न्हाई का काय!"